पाटीवर काय लिहायचं?

प्रिय चिऊ,
अनेक आशीर्वाद.

शाळेच्या आनंद मेळाव्यात तुझा पाटोडी-रश्श्याचा स्टॉल आहे आणि पाटीवर इंग्रजीत 'बॉन अपेटिट' लिहायचंय. त्याचं स्पेलिंग काय आणि आपल्यात असं काही म्हणतात का, हे तू विचारलंस.

आधी स्पेलिंग. मूळ फ्रेंच आहे ते, इंग्रजीनं जसंच्या तसं उचललंय. बी-ओ-एन, मग जागा सोडून ए-पी-पी-ई-टी-आय-टी. पी दोनदा येतो. शेवटचा टी फक्त लिहायचा, बोलताना 'बोनापेती'. फ्रेंचमध्ये त्यातल्या ई वर तिरकी रेघ असते, इंग्रजी पाटीवर नसली तरी चालते. छान भूक लागो, मजेत जेवा, असा अर्थ. म्हणजे हे जेवणाआधीचं, तेव्हा पाटी वाढायच्या बाजूला लाव.

इथे दोह्यात आमच्या हॉटेलात ताट ठेवताना वेटर हे म्हणतो, एका टेबलावरचे पाहुणेही एकमेकांना म्हणतात. आपल्या पंगतीत शेजारचा असं काही म्हणत नाही, ते काम घरधन्याचं. पत्रावळीवर मिठापासून बुंदीपर्यंत सगळं पडेस्तोवर कोणी घास उचलत नाही. श्लोक होतो, मग घरधनी हात जोडून रांगेतून फिरतो, "सावकाश होऊ द्या मंडळी!" अन् नुसतं म्हणून मोकळा होत नाही, वाढप्यांना मागे लावतो. तुझे आजोबा तर पत्रावळीवर आडवा धरलेला हात बाजूला सारून पोळी टाकतात. उठताना जेवणारा म्हणतो 'अन्नदाता सुखी भव'. हे मात्र पाटीवर नको, आपणच आपल्याला आशीर्वाद दिल्यासारखं होईल.

मला विचारशील तर वर मोठ्या अक्षरात 'सावकाश होऊ द्या' लिही, खाली बारीक इंग्रजी. 'पोटभर जेवा' लिहू नको. दहा रुपयांच्या प्लेटीत पोटभर म्हटलंस तर पहिल्या तासातच गंज रिकामा होईल.

आणि हो, पदार्थाच्या माहितीत आजी सांगेल तसं 'सांबार' घातला असं लिहू नको, कोथिंबीर लिही. नाहीतर बाहेरगावचा एखादा पाहुणा इडली मागायचा. तर्री वेगळ्या भांड्यात काढून ठेव, पहिलीच्या पोरांना झेपत नाही ती.

तुझा,
बाबा