‘मॅडम, हिला हॉस्टेलवरून परत नेऊ का?’

करमाळा तालुक्यातली ही मुलगी सोलापुरात पहिल्या वर्षाला होती. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. हॉस्टेलवर येऊन दीड महिना झाला होता आणि आई विचारत होती, “मॅडम, घेऊन जाऊ का हिला परत? रोज फोनवर रडते.” प्रवेश झाल्यापासून दिवाळीपर्यंत हाच प्रश्न घेऊन कितीतरी पालक माझ्याकडे येतात.

मुलीच्या मनातलं हॉस्टेल म्हणजे जिवाभावाच्या मैत्रिणी, रात्रीच्या गप्पा आणि मनासारखा अभ्यास. वाट्याला आली रात्री दीडपर्यंत जळणारी ट्यूब, स्पीकरवरचे फोन आणि सकाळी बाथरूमपुढे बादल्यांची रांग. त्यात सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी. टाकी तळाला गेली की सगळ्यांचीच सकाळ कोलमडते. तक्रारी खऱ्या होत्या. ‘होईल सवय’ म्हणून तिची बोळवण करणं बरोबर नव्हतं.

तिला कागदावर तीन रकाने आखायला सांगितले : काय खुपतं, आठवड्यातून किती वेळा आणि ते कोणाच्या हातात आहे. पाणी आणि मेस रेक्टरकडे गेली. रात्रीच बादली भरून ठेवणं तिच्या हातात होतं. सगळ्यात खुपणारी गोष्ट मात्र तिने शेवटी लिहिली : ‘त्या दोघी रूममेट मला त्यांच्यात घेत नाहीत.’

दर शुक्रवारी ती एसटीने गावी जायची आणि सोमवारी थेट वर्गात हजर व्हायची. खोलीतली ओळख वाढते ती शनिवार-रविवारी, कपडे धुताना, बाजारात जाताना. नेमकी तेव्हाच ती नसायची. शिवाय मन भरून आलं की घर गाठायचं, याने त्या वेळी बरं वाटतं, पण पुढच्या वेळी ओढ आणखी लवकर लागते. म्हणून सलग तीन शनिवार-रविवार हॉस्टेलवरच राहायचं, मग महिन्यातून एकदा घरी, असं ठरलं. पहिला रविवार सगळ्यात जड जातो, हे तिला आधीच सांगितलं होतं. आईने दिवसातून एकदाच, संध्याकाळी पंधरा मिनिटं फोन करायचा आणि ‘बरं वाटतंय ना गं?’ऐवजी ‘आज प्रॅक्टिकलला काय केलंस?’ने सुरुवात करायची. आईला हे अवघड गेलं. पण लेक रडली की ‘ये निघून’ म्हणणं तिने थांबवलं, हे फार मोलाचं.

राहिली ट्यूब. असं बोलणं रात्री चिडून करू नये आणि व्हॉट्सॲपवर तर नाहीच. आईने रेक्टरला फोन करणं ही पहिली पायरी नव्हे. रूममेटना ती चुगली वाटते. दुपारी तिघी खोलीत असताना एकच मागणी ठेवायची, चार नाही. तिने सरावाने वाक्य पक्कं केलं : “मला सकाळी लवकर प्रॅक्टिकल असतं. साडेअकराला मोठा दिवा बंद करून पुढे टेबल लॅम्प लावायचा का? आठ दिवस करून बघू.” मुदत घातली की समोरचीला हो म्हणणं सोपं जातं. एक लगेच तयार झाली. दुसरीने कुरकुर केली, पण इयरफोन वापरायला लागली. रविवारी डब्यातली शेंगा चटणी आणि कडक भाकरी तिघींच्या मध्ये आली.

जिवाभावाची मैत्रीण तिला पुढे वर्गात मिळाली. रूममेटशी पटलं तरी पुरे असतं आणि ही अपेक्षा खाली आल्यावरच तिचं रडणं कमी झालं, असं माझं मत आहे.

सगळंच मात्र ‘जुळवून घे’त बसत नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप किंवा भूक उडाली, वर्गात जाणं बंद झालं, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा निघाली, तर एक दिवसही थांबू नका आणि तिला एकटं सोडू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. सीनियर त्रास देत असतील तर तो रॅगिंगचा प्रश्न आहे, सवयीचा नाही. महाराष्ट्रात त्यासाठी १९९९ पासून कायदा आहे. कॉलेजकडे लेखी तक्रार द्या, तारीख घाला आणि पोच घ्या.

खोली बदलायचीच असेल, तर अर्जात ‘पटत नाही’ एवढंच लिहू नका. काय घडतं, किती वाजता आणि आधी काय करून पाहिलं, हे चार ओळींत लिहा. त्यावर रेक्टरला निर्णय घेता येतो.