शिकागोला येतेयस आणि आईला माफियाची धास्ती आहे, तर

ऑगस्टमध्ये नोकरीसाठी शिकागोला येतेयस, पण तिथे अजून माफिया आहे हे ऐकून आई घाबरलीय, तिला काय सांगू, असं तू विचारलंस. मला इथे चौदा वर्षं झाली. आईला सांग, टोळी खरी आहे, पण ती वाटेवरच्या माणसाला लुटत नाही.

इथे तिला ‘आउटफिट’ म्हणतात. १९२० च्या दारूबंदीत ती फोफावली. अल कपोन तिचा सर्वांत गाजलेला म्होरक्या. १९३१ मध्ये तो अडकला तो खुनात नव्हे, आयकर बुडवल्याबद्दल. ११ वर्षांची शिक्षा झाली.

दारूबंदी १९३३ मध्ये उठली, टोळी मात्र राहिली. पैसा जुगार, हप्ते आणि सावकारीतून यायचा. या सावकारीला ‘ज्यूस लोन’ म्हणतात. व्याज आठवड्याला ५ टक्के, म्हणजे वर्षाला २६०! वर्षभर भरत राहा, मुद्दल जिथल्या तिथे. बँक दारात उभं करत नाही असा माणूसच तिथे जायचा, आणि फेडता आलं नाही की मारहाण. पिस्तुलांच्या गोष्टींपेक्षा मला हेच जास्त भयंकर वाटतं.

मोठा घाव बसला तो घरातूनच. टोळीतला फ्रँक कॅलाब्रीज तुरुंगात असताना, तिथेच असलेल्या त्याच्या मुलानं एफबीआयला पत्र लिहिलं आणि बापाचं बोलणं चोरून रेकॉर्ड केलं. फ्रँकचा सख्खा भाऊ निक साक्षीला उभा राहिला. ‘फॅमिली सिक्रेट्स’ नावाच्या त्या खटल्यात १८ जुन्या खुनांचा हिशेब निघाला. २००७ मध्ये फ्रँक दोषी ठरला आणि पुढे जन्मठेप झाली. तेव्हापासून टोळी बरीच खिळखिळी झाली आहे.

बातम्यांतले गोळीबार वेगळे. ते बहुतेक गल्लीतल्या छोट्या टोळक्यांचे, आणि शहराच्या दक्षिण आणि पश्चिम भागांतल्या काही वस्त्यांत जास्त. घर घेताना नुसता भाग पाहू नकोस, तो रस्ता संध्याकाळी चालून बघ. नेपरव्हिल, शॉमबर्ग या उपनगरांकडे मराठी घरं पुष्कळ आहेत.

तुला जपायचंय ते कर्जापासून. नव्या माणसाचा क्रेडिट स्कोअर नसतो, म्हणून घराचं डिपॉझिट जास्त मागतात, हात तंग होतो आणि छोटं कर्ज काढावंसं वाटतं. इलिनॉयमध्ये २०२१ पासून अशा छोट्या कर्जांवर वर्षाला ३६ टक्क्यांची कायदेशीर मर्यादा आहे. त्यापुढे कुणी मागितलं तर सही करू नकोस. तीन महिन्यांचं भाडं गाठीशी घेऊन ये. तरी कमी पडलं तर आधी मला कळव.