बायकोला काय सांगू?

प्रश्न: डॉक्टर, माझं वय ४६, ट्रक चालवतो. सहा-सात महिने झाले, संबंधाच्या वेळी ताठरता येतच नाही नीट, आली तरी टिकत नाही. बायकोला वाटतं माझं बाहेर काहीतरी आहे. मित्राने मेडिकलमधून गोळी आणून दिलीय, घेऊ का?

उत्तर: दादा, ती गोळी आधी बाजूला ठेवा. त्यात बहुतेक सिल्डेनाफिल (ताठरतेसाठीचं औषध) असणार, औषध चांगलं आहे पण छातीत दुखतं म्हणून कोणी जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवत असेल आणि वर ही घेतली तर बीपी एकदम खाली येतं, जीवावर बेततं. म्हणून तपासल्याशिवाय नको.

आता मूळ गोष्ट. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे शुगर, कोलेस्टेरॉल, तंबाखू यांचा त्रास आधी तिथे दिसतो आणि हृदयाचा कधीकधी दोन-तीन वर्षांनी. मला तुमच्या संसाराइतकीच तुमच्या हृदयाची काळजी वाटतेय! उपाशीपोटीची शुगर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर), लिपिड (रक्तातली चरबी), सकाळचं टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) करून घ्या, बीपी बघा. पहाटे ताठरता येते का तेही आठवून ठेवा, येत असेल तर मनावरचा ताण जास्त असू शकतो. तंबू टाकून तेल-चूर्ण विकणाऱ्यांकडे अजिबात जाऊ नका.

आधी फिजिशियन, मग लागलं तर युरोलॉजिस्ट (मूत्रमार्ग आणि पुरुषांच्या जननेंद्रियांचे डॉक्टर). केसपेपर काढताना कारण सांगायला लाज वाटली तर "डॉक्टरांशी खाजगी बोलायचंय" एवढंच म्हणा, चालतं. आणि बायकोला सोबत न्या, तिच्या मनातला संशय डॉक्टरसमोरच निघेल.