मॅडम, देवाला माझ्याकडून नक्की काय पाहिजे?

मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडांनी येतो. कुणी म्हणतं प्रार्थना करते पण आतून कोरडं वाटतं, कुणी म्हणतं रविवारी चर्चमध्ये बरं वाटतं आणि सोमवारी सकाळी सगळं गायब, कुणी म्हणतं माझ्या आयुष्याला काही उद्देशच नाही, मग मी विश्वासात कमी पडतेय का. आज ज्या ताईंबद्दल लिहितेय त्यांनी तो सगळ्यात सरळ विचारला. (त्यांना विचारून लिहितेय, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.)

जानेवारीचा पहिला आठवडा, नाशिकची थंडी, आणि ताई कंपनीतून सुटून थेट शरणपूर रोडला माझ्याकडे आलेल्या, अंगात युनिफॉर्म, वरून स्वेटर. वय चव्वेचाळीस. अंबड एमआयडीसीत क्वालिटीला आहेत, म्हणजे लाईनवर बसून दिवसभर रबरचे छोटे छोटे पार्ट हातात घ्यायचे, भिंगाखाली फिरवून बघायचे, चांगला इकडे, खराब लाल बिनमध्ये. घरी सासूबाई, दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेल्या, इन्सुलिन चालू, डायपर चालू. मुलगा बारावीला. मिस्टर रिक्षा चालवतात. पहाटे पावणेपाचला दिवस सुरू होतो आणि रात्री अकराला सासूबाईंची कूस बदलली की संपतो.

ताई म्हणाल्या, "नाताळात आमच्याकडे साक्षीची सभा झाली, म्हणजे प्रभूने आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. एकाचा कॅन्सर बरा झाला, एकाची दारू सुटली, एक जण गावोगावी सुवार्ता सांगत फिरतो. मला माईक दिला तर मी काय सांगू, आज चारशे पार्ट चेक केले? मला गाता येत नाही, सभेत बोलता येत नाही, मग प्रभूने मला कशासाठी ठेवलंय?"

आता इथे मी माती खाल्ली. मी स्वतः ख्रिस्ती आहे, त्यामुळे तोंडात बायबलचं वचन तयार असतं, आणि मी पटकन कलस्सैकरांस पत्रातलं ते सांगून टाकलं, जे काही कराल ते माणसांसाठी नाही तर प्रभूसाठी जिवेभावे करा. ताईंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हे मला पाठ आहे मॅडम. माझी नणंद पुण्याहून रोज सकाळी गुलाबाच्या फुलावर छापून पाठवते. दोन वर्षांत आईला बघायला तीनदा आली."

मी गप्प बसले. वीस वर्षं हे काम करून सुद्धा होतं असं.

मग जे आधी विचारायला हवं होतं ते विचारलं. झोप? तीन-चार तास, ती पण तुटक. जेवण? उभ्याने. मन लागत नाही हे किती दिवस? दिवाळीच्या आधीपासून. मरणाचे विचार येतात का, हेही सरळ विचारलं, कारण असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार नव्याने शिरत नाही, उलट बऱ्याच जणांना सुटल्यासारखं होतं. ताई म्हणाल्या, स्वतःहून काही करणार नाही, पण रात्री झोपले आणि सकाळी उठलेच नाही तर बरं असं वाटतं कधीकधी, आणि हे पाप आहे ना, म्हणून कुणाला बोलले नाही.

म्हणून हे वाचणाऱ्यांना आधीच सांगते. दोन आठवड्यांच्या वर जवळजवळ रोज मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल तर त्याला आधी विश्वासाचा प्रश्न समजू नका, डॉक्टरला दाखवा. आणि मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी कुणाला तरी सांगायचं, सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, १४४१६, मराठीतही बोलता येतं. ताईंना मी आधी फिजिशियनकडे पाठवलं, हिमोग्लोबिन नऊच्या खाली निघालं. मानसोपचार तज्ज्ञांनाही दाखवलं, ते म्हणाले लगेच गोळ्या नकोत, रक्त वाढवू, झोप सुधारू, सहा आठवडे बघू. म्हणजे ज्याला ताई आत्मिक कोरडेपणा म्हणत होत्या त्यातला बराच भाग लोहाचा आणि झोपेचा होता. काही पाळक, म्हणजे चर्चचे पास्टर, यावर नाराज होतात, पण रिपोर्ट समोर असल्यावर काय करणार.

दुसऱ्या वेळेला आल्या तेव्हा वचन नाही, गोष्ट काढली. बायबलमधला एलीया संदेष्टा. कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरवणारा माणूस, म्हणजे साक्षीच्या सभेत पहिला नंबर, आणि लगेच पुढच्या अध्यायात रानात एका झुडपाखाली बसून म्हणतोय, प्रभू आता पुरे, माझा जीव घे. देवाने काय केलं? रागावला नाही, प्रवचन दिलं नाही, झोपू दिलं. मग देवदूताने उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. खाल्लं आणि परत झोपला. परत उठवलं, परत खायला घातलं, वाट लांबची आहे म्हणाला. तू इथे काय करतोस हा प्रश्न कधी विचारला, तर चाळीस दिवस चालून होरेब डोंगरावर पोचल्यावर.

ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दोनदा झोपला?"

हो, दोनदा.

मग रडल्या. मीही टिश्यूचा डबा पुढे सरकवण्यापलीकडे काही केलं नाही.

त्यानंतर घरातलं गणित बदललं, आणि खरं काम तिथेच होतं. रात्रीचं इन्सुलिन आणि कूस बदलणं मिस्टरांनी घेतलं, आधी कुरकुर झाली, मला सुई टोचायला भीती वाटते वगैरे, शिकले आठ दिवसांत. महिला मंडळात ताईंनी पहिल्यांदाच तोंड उघडून मदत मागितली, तर दोघी जणी दर गुरुवारी दुपारी सासूबाईंपाशी येऊन बसायला लागल्या. चर्चच्या मंडळीला माहीतच नव्हतं हो, ताई कायम हसतमुख. एलीयाला पण वाटत होतं मी एकटाच उरलोय, आणि देव म्हणाला सात हजार आहेत. नणंदेचं मात्र काही बदललं नाही, गुलाब चालू आहेत. त्या रागाचं काय करायचं म्हणाल्या तर मी स्तोत्र ८८ वाचायला सांगितलं, जे शेवटपर्यंत अंधारातच राहतं, शेवटी आभार वगैरे काही नाही. दुसऱ्या दिवशी मेसेज, "हे पवित्र शास्त्रात आहे?"

उद्देशाचा प्रश्न होताच अजून. मी म्हणलं महिनाभर रोज दोन ओळी लिहा, आज कुणाच्या उपयोगी पडलात, आणि कुठे थोडं बरं वाटलं. "काय लिहू, काही घडतच नाही." मग मी ह्या शरणपूरचीच गोष्ट सांगितली. इथे ख्रिस्ती मिशनची वसाहत होती, गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे लिहायला-वाचायला आणि सुतारकाम, लोहारकाम शिकायची. त्यातलाच जेकब वेनराईट. १८७३ मध्ये मिशनरी आणि प्रवासी संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारले तेव्हा सोबतच्यांनी त्यांचं शव महिनोन्‌महिने चालत किनाऱ्यापर्यंत नेलं, त्या लोकांमध्ये हा होता. तिथल्या झाडावर लिव्हिंग्स्टनचं नाव आणि तारीख कोरली ती यानेच, कारण लिहिणं येत होतं. रोजनिशी पण ठेवली, ती आजही आहे.

ताई म्हणाल्या, "तो लिव्हिंग्स्टनबरोबर होता मॅडम. मी शिफ्टच्या बसमध्ये असते."

बरोबर होतं त्यांचं. पण वही घेऊन आल्या, मुलाच्या जुन्या फिजिक्सच्या वहीची उरलेली पानं. मी काही ओळी इथे देते, त्यांच्याच शब्दांत.

सोमवार, काही नाही. मंगळवार, काही नाही, डोकं दुखलं. बुधवार, सासूबाईंची वेणी घातली, म्हणाल्या तुझे हात गार आहेत, आणि माझे हात त्यांच्या हातात धरून ठेवले. गुरुवार, नवीन ट्रेनी मुलगी जेवणाच्या सुट्टीत रडत होती, सुपरवायझर ओरडला, तिला अर्धी भाकरी आणि ठेचा दिला, भिंग कसं धरायचं ते दाखवलं. शुक्रवार, एका लॉटला बारीक चीर होती, कुणाला दिसली नव्हती, मी थांबवला. तो पार्ट ब्रेकला जातो.

शेवटच्या वाक्यावर मी बोट ठेवलं. म्हणजे गाडीच्या ब्रेकला? "हो ना. चीर असेल तर लीक होतो." आणि हे तुम्ही साक्षीत सांगणार नव्हता? ताई हसल्या, मग थांबल्या, म्हणाल्या, "प्रभूला ब्रेक कळतात का हो?" मी म्हणलं, तो सुताराच्या घरात वाढला, खुर्चीचा पाय हलतो की नाही हे त्याला नक्की कळत असणार.

सगळं छान झालं असं नाही. मार्चमध्ये मुलाच्या परीक्षेच्या वेळी परत घसरलं, पंधरा दिवस वही कोरी. प्रार्थनाही जमत नव्हती, तर नुसतं पार्ट हातात घेताना एकेका माणसाचं नाव घ्यायचं असं त्यांनी स्वतःच सुरू केलं, मी सुचवलेलं नाही. नणंदेचं नाव लाल बिनच्या पार्टला घेते म्हणाल्या, मग लगेच, "नाही नाही, गंमत केली."

एप्रिलमध्ये एका शनिवारची अपॉइंटमेंट त्यांनी सकाळीच रद्द केली. मेसेज असा होता, "मॅडम आज येत नाही. सुट्टी आहे, सासूबाईंना गॅलरीत बसवून केस धुवायचेत, त्यांना ऊन पाहिजे म्हणतात. पुढच्या आठवड्यात बघू, गरज वाटली तर."