'कर्टली' म्हणजे थोडक्यात नव्हे, तुटकपणे

ताई, मुलीच्या इंग्रजीच्या धड्यात 'ही रिप्लाइड कर्टली' (He replied curtly) आलंय आणि गाईडात 'त्याने थोडक्यात उत्तर दिले' असं छापलंय, ते बरोबर का, असं तुम्ही विचारलंय. बरोबर नाही. ह्याच चुकीच्या अर्थापायी माझं अर्धं वर्ष गेलंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

वडील गेल्यावर शेताच्या उताऱ्यावर वारसांची नावं चढवायची होती. मला कन्नड लिहिता येत नाही, म्हणून अर्ज इंग्रजीत केला. त्यात लिहिलं, 'साहेबांनी मला कर्टली सांगितलं की वंशावळ जोडा.' मनात होतं, थोडक्यात सांगितलं. वाचणाऱ्याला दिसलं, साहेब माझ्याशी तोडून बोलले. म्हणजे ती तक्रारच झाली. अर्ज बाजूला पडला आणि का पडला ते कुणी सांगेना. चार खेपा मारल्या, दर खेपेला खिडकीतून तेच, 'नाळे बा', म्हणजे कन्नडमध्ये 'उद्या ये.' शेवटी बाहेर बसणाऱ्या टायपिस्टनं माझ्या प्रतीतल्या त्या शब्दावर बोट ठेवलं. चूक माझीच. पण एक शब्द खटकला तर माणसाला बोलावून विचारायचं की नाही? त्या वर्षीचं पीककर्ज हुकलं माझं.

लॅटिन 'कर्टस' म्हणजे कापून आखूड केलेलं, त्यातून हा शब्द आला. आपलं 'तुटक'ही तुटण्यातूनच आलंय, म्हणून 'तुटकपणे' हाच खरा अर्थ. मान वर न करता 'नाळे बा' म्हणणं, ते कर्टली. 'नाळे बर्री', म्हणजे आदरानं 'उद्या या', म्हणून साहेब मीटिंगला गेलेत एवढं सांगणं, तेही थोडकंच, पण कर्टली नव्हे. शब्द किती, ह्यापेक्षा समोरच्याला उडवून लावलं का, ते बघायचं. इंग्रजी गोष्टींत माणसं नुसती मानसुद्धा कर्टली हलवतात, 'नॉडेड कर्टली'. तिथं 'थोडक्यात' घालून बघा, बसतच नाही.

'ब्लंटली' म्हणजे भीड न ठेवता. ते बोलणं लांबलचकही असू शकतं. 'टर्सली' म्हणजे मोजक्या शब्दांत. त्यात दरवेळी राग नसतो. नुसतं थोडक्यात म्हणायचं असेल तर सरळ 'ब्रीफली'.

मी काही इंग्रजीचा मास्तर नाही. पेपरात गाईडातलंच उत्तर धरत असतील तर बाईंना आधी विचारून घ्या. पण अर्जाबद्दल माझं मत पक्कं आहे. साहेब कसे बोलले हे लिहूच नये. काय बोलले आणि कुठल्या तारखेला, तेवढंच लिहावं. आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यानिशी पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.