आधी घर की आधी सुधारणा?

प्रश्न: ताई, मडगावला बस स्टँडच्या शेडखाली एक आजी झोपतात, पावसात पुठ्ठा भिजला की रात्रभर बसूनच असतात. सगळे म्हणतात पोलिसांना सांगून हलवा. दुसऱ्या शहरांत काय करतात हो? (वाचक, मडगाव)

उत्तर: हलवून त्या जाणार कुठे, दुसऱ्या शेडखालीच ना! अमेरिकेत ग्रँट्स पास नावाच्या छोट्या गावाने उघड्यावर झोपणाऱ्यांना दंड लावला आणि 2024 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने 6 विरुद्ध 3 अशा मताने तो चालेल असं सांगितलं, पण ज्याच्याकडे भाड्याला पैसे नाहीत तो दंड कुठून भरणार? हेलसिंकीत उलटं. फिनलंडने 2008 पासून ठरवलं की आधी घर, म्हणजे दारू सोड, नोकरी शोध, मग खोली देतो असं नाही. भाडेकराराची खोली पहिल्यांदा, स्वतःच्या नावाची, भाडं भरायला सरकारी मदत, बाकी उपचारबिपचार नंतर. जुनी शेल्टरं मोडून त्यांनी फ्लॅट केले. मला हेच पटतं, कारण दाराला आतून कडी लावता आली की माणूस नीट झोपतो, आणि झोप झाली तरच औषधाचं, कामाचं डोक्यात येतं.

आपल्याकडे शहरी बेघरांसाठी केंद्राच्या योजनेत लाखभर लोकसंख्येमागे एक निवारा, तोही बाराही महिने, असा नियम होता. पालिकेत जाऊन निवारा कुठे आहे ते लेखी विचारा. आणि त्याआधी आजींना विचारा, त्यांना कुठे राहायचंय.