फिल्म फोटोग्राफी आणि प्रोग्रामिंग दोन्हीची आवड आहे. स्वतःची वेबसाइट कशी सुरू करू?

स्टॅटिक साइट, म्हणजे आधीच तयार केलेल्या पानांची साइट करा. ह्यूगोसारखं साधन मार्कडाउन (सोप्या खुणा असलेला साधा मजकूर) फायलींपासून साधी एचटीएमएल पानं बनवतं. डेटाबेस नसल्यामुळे देखभाल अगदी कमी. गिटहबच्या 'पेजेस' या होस्टिंग सेवेवर ती फुकट ठेवता येते, मात्र साइटची मर्यादा १ जीबी आहे. म्हणून फिल्म लॅबकडून स्कॅन होऊन आलेल्या मोठ्या टिफ फायली हार्ड डिस्कवर ठेवा आणि साइटवर साधारण २००० पिक्सेल रुंदीच्या जेपेगच चढवा.

खरी मजा पुढे आहे. डिजिटल कॅमेरा शटर स्पीड, अ‍ॅपर्चर स्वतःच फायलीत नोंदवतो. फिल्मच्या स्कॅनमध्ये फार तर स्कॅनरचं नाव सापडतं. तेव्हा रोल सुरू असतानाच वहीत फ्रेम क्रमांक, लेन्स, एक्स्पोजर लिहीत चला. ३६ फ्रेमची ही यादी नंतर सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या फायलीत) भरा आणि पायथनमधला छोटा प्रोग्राम लिहून तिच्यातून प्रत्येक फोटोचं पान तयार करा. मग 'एचपी५ प्लस, १६०० ला पुश केलेले सगळे फोटो' (म्हणजे या कृष्णधवल फिल्मवर १६०० आयएसओ धरून काढलेले आणि जास्त वेळ डेव्हलप केलेले) असं पानही आपोआप बनवता येतं. माझ्या मते तुमचे दोन्ही छंद इथेच खरे एकत्र येतात, आणि हा भाग तयार थीममध्ये सहसा मिळत नाही.

डोमेन मात्र सुरुवातीलाच स्वतःच्या नावावर घ्या. उद्या होस्टिंग बदललं तरी पत्ता तोच राहील.